जॉबरचा पोरगा

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता माझ्या टीममधल्या एका पोरानं राजीनामा दिला. संध्याकाळी हुतात्मा पकडली, चक्क खिडकीची जागा मिळाली (शुक्रवारी हे होणं म्हणजे नशीबच), आणि दौंड येईपर्यंत तो तीन ओळींचा मेल मी पंधरा वेळा तरी वाचला असेल. कारण काय, तर 'पर्सनल रीझन्स'. राजीनाम्यात हे दोन शब्द दिसले की मॅनेजरनं ओळखावं, कारण बहुतेक आपणच आहोत.

ही गोष्ट २०१६ सालची. पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकराला हुतात्मा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची ही गाडी. येरवडा ते सोलापूर हे अंतर त्या चौघांना परत कापता आलं नाही आणि आम्ही ते दर आठवड्याला कापतो, तेसुद्धा सीटवरून भांडत. २०२३ पासून वंदे भारतही आली आहे, पण तिच्यात शेजारचा माणूस "कुठं असता तुम्ही?" असं विचारत नाही. असो.

तर त्या वेळी मला मॅनेजर होऊन दहा महिने झाले होते. मला मॅनेजर का केलं? टीममध्ये सगळ्यात अवघड बग मी सोडवायचो म्हणून. एका सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं, म्हणाले, "उद्यापासून हे आठ जण तुझे." जणू आठ खुर्च्या माझ्या नावावर केल्या! मग दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. हॉटेलचा एसी हॉल, चार-चार जणांचे गट, शीतपेयाच्या नळ्यांचा उंच मनोरा बांधायचा, ज्याचा पडेल तो हरला. आमचा पडला नाही. सर्टिफिकेट मिळालं, जेवणात गाजर हलवा होता. पण मंगळवारी सकाळी ऑफिसला जाऊन नक्की करायचं काय, ते कुणीच सांगितलं नाही.

म्हणून मग मला जे येत होतं तेच मी करत राहिलो. दिवसा मीटिंग आणि रात्री कोड.

हा पोरगा बार्शीचा. दोन वर्षांचा अनुभव, इंग्रजीला बिचकणारा, हळू पण नीटनेटकं काम करणारा. त्याने कोड चेक-इन केला की मी उघडून बघायचो. चुकीचा नसायचा, पण मी लिहिला असता तसा नसायचा. आता दहा मिनिटांत स्वतः करता येणाऱ्या कामासाठी अर्धा तास समजावत कोण बसणार? मी रात्री घरी बसून तो बदलून टाकायचो. सकाळी तो येऊन बघायचा. काही बोलायचा नाही, आणि मला वाटायचं, शिकतोय.

एकदा पेमेंटचा एक मोड्यूल होता. तीन आठवडे त्याने त्याच्यावर घातले होते. गुरुवारी रिलीज, आणि बुधवारी रात्री माझं डोकं फिरलं. पहाटे चारपर्यंत बसून मी अर्ध्याहून जास्त कोड नव्याने लिहिला. रिलीज झकास झालं. क्लायंटचा कौतुकाचा मेल आला, त्यात नाव माझं. मी तो मोठेपणाने सगळ्या टीमला फॉरवर्ड केला. खरं सांगतो, त्या वेळी मला वाटत होतं की मी त्या पोराला वाचवलं.

त्यानंतर सात आठवड्यांनी राजीनामा.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. आई झोपली होती, अप्पा जागे होते. अप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. गिरणीच्या माग-खात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात. तिथं धोट्यांचा खडखडाट असा असायचा की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून आणि हातवारे करून बोलायची. त्यामुळे अप्पांना ऐकू कमी येतं, पण तोंड वाचता येतं.

"काय झालंय? तोंड का पडलंय?"

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्यांनाही कळलं असणार.

इथे अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. अप्पा १९७१ मध्ये सोलापूरच्या एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत जायचं, नाहीतर घरी यायचं. मग कायम विणकर झाले आणि १९८४ मध्ये जॉबर. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात लागले. ती सोलापुरी चादर जॅकार्डवर निघते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ वरून फिरते आणि कुठला धागा उचलायचा ते ठरवते. कॉम्प्युटरच्या पंचकार्डांचे आजोबा ते हेच. पण मला ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात वाचून कळलं, तोवर लहानपणी त्याच पत्त्यांचे तुकडे मी गाडी-गाडी खेळायला वापरत होतो.

जॉबर हा शब्द आता नव्या पोरांना माहीत नाही. साठ-सत्तर माग आणि त्यांच्यावरचे विणकर एका जॉबरच्या हाताखाली असायचे. माग बिघडला तर दुरुस्त करणारा तोच, कामगारांवर लक्ष ठेवणारा तोच, आणि जुन्या काळात तर भरती करणारा, रजा देणारा आणि काढून टाकणाराही तोच. विणकरांतलाच जो तरबेज असेल त्याला जॉबर करायचे. ओळखीचं वाटतंय ना? कंपनीच्या आणि कामगाराच्या मधोमध उभा असलेला, स्वतः कालपर्यंत कामगारच असलेला माणूस. फक्त आमच्या गळ्यात लटकणारं कार्ड त्यांच्याकडे नव्हतं.

या जॉबरांची कीर्ती फार चांगली नव्हती. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनने, म्हणजे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, १९३१ च्या अहवालात त्यांच्याबद्दल बरंच लिहून ठेवलंय. कामावर घ्यायला पैसे, टिकून राहायला पैसे, रजेवरून परत यायला पैसे. याला दस्तुरी म्हणायचे. पण राजनारायण चंदावरकर या इतिहासकारांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं पुस्तक (१९९४ चं आहे, जाडजूड) वाचलं तर दुसरी बाजू दिसते. जॉबर वाटतो तेवढा सर्वशक्तिमान नव्हता. मालकाला त्याची किंमत कशासाठी? तर माणसं त्याच्यामागून येतात म्हणून. माणसांनी पाठ फिरवली की जॉबर संपला. मला हे वाचताना जरा घाम फुटला होता.

आणि वरच्या मजल्यावरचा कारभार म्हणाल, तर आमच्या गावाने त्याचंही उदाहरण घालून दिलंय. सगळं गाव जिला जुनी मिल म्हणायचं ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १९४९ मध्ये बंद पडली. गैरव्यवस्थापनामुळे ती बंद पडली असं म्हणत सरकारने १९५० मध्ये आधी वटहुकूम आणि मग खास तिच्यासाठी कायदा केला, कारभार हातात घेतला. एका भागधारकाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, डिसेंबर १९५० मध्ये तो हरला. लॉ कॉलेजची पोरं अजून ती केस पाठ करतात. खराब मॅनेजमेंटसाठी पार्लमेंटला कायदा करायला लावणारं गाव आमचं!

तर अप्पांनी सगळं ऐकलं (म्हणजे पाहिलं) आणि विचारलं, "तुमच्यात धागा तुटला तर कोण जोडतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्याच्या कामात चूक निघाली तर ती कोण काढतं?"

"मीच काढायचो. रात्री बसून."

अप्पा हसले. चांगलं हसणं नव्हतं ते.

मग त्यांनी समजावलं. ताण्याचा धागा तुटतोच, दिवसात कितीदा तरी तुटतो. तो वईतून आणि फणीतून ओवून गाठ मारायची, हे विणकराचं काम. जॉबरला ते विणकरापेक्षा झटकन जमतं, कारण तो स्वतः विणकर होता. पण त्यानं तिथं हात घालायचा नाही. "त्याच्या मागाला तुझा हात लागला की तो म्हणतो, आता हा माग जॉबरचा. मग पुढचा धागा तुटला की तो तुझीच वाट बघत उभा राहतो." जॉबरने बघायचं ते हे की एकाच मागावर धागा सारखा का तुटतोय. धोटा कुठं घासतोय का? पट्टा ढिला झालाय का? सूतच कच्चं आलंय का? सूत कच्चं असेल तर वर जाऊन मास्तरशी भांडायचं. विणकराचा पगार कापडावर, माग थांबला की त्याचे पैसे थांबले. त्यामुळे माग चालता ठेवला की विणकर आपोआप नीट वागतो, असं अप्पांचं म्हणणं.

"आणि ओरडायचं नाही?" मी विचारलं.

"ओरडून ऐकू कुणाला येतंय तिथं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला गेलो. अप्पा एरवी फिरताना बोलत नाहीत. त्या दिवशी मध्येच थांबले आणि एका विणकराची गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

अप्पा नवीन जॉबर झाले तेव्हाची. त्यांच्या हाताखाली एक तेलुगू विणकर होता, पूर्व भागातला, घुम्या स्वभावाचा. त्याच्या कापडात सारखा एकच दोष यायचा, ठराविक अंतरावर एक जाड पट्टी. अप्पांनी दोनदा बोलून बघितलं, तो नुसता बघत राहिला. तिसऱ्यांदा अप्पांनी त्याचं नाव वर दिलं. दंड झाला. पुढच्या महिन्यात परत तेच. मग तो माणूस एक दिवस आलाच नाही. भिवंडीला गेला म्हणे, यंत्रमागावर.

त्याच्या जागी दुसरा आला. त्याच्याही कापडात तीच पट्टी.

"तेव्हा मी माग उघडला. कापड गुंडाळणाऱ्या चाकाचा एक दात तुटला होता. एक दात. तो माणूस तीन महिने दंड भरत होता."

मी विचारलं, "त्याने सांगितलं का नाही?"

"सांगितलं असणार. तेलुगूत. मला तेव्हा तेलुगू येत नव्हतं."

लहानपणापासून मला वाटायचं की अप्पांना तेलुगू आपसूक येतं. सोलापुरात येतंच थोडंफार, मराठी-कन्नड-तेलुगू आणि वर दख्खनी अशी खिचडी असते. पण अप्पांचं तेलुगू फक्त कामापुरतं नव्हतं. ते त्या भाषेत विणकरांच्या घरी जाऊन लग्नाची बोलणी करायचे, मयताला बसायचे. ते त्यांनी मुद्दाम शिकलं होतं, त्या तुटलेल्या दातानंतर. ते एकदा भिवंडीला जाऊन त्या माणसाला शोधूनही आले. सापडला नाही. भिवंडीत माणूस काय सापडतोय?

आम्ही घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी सकाळी मी बार्शीच्या पोराला फोन केला. सुरुवात इंग्रजीतून केली, ऑफिसची सवय. मग मध्येच थांबलो आणि मराठीत म्हटलं, "हे बघ, तुला थांबवायला फोन केलेला नाही. तू चाललास ते माझ्यामुळे का, एवढंच सांग."

बराच वेळ काही नाही. मी काही बोललो नाही. हे फार अवघड असतं, करून बघा.

मग तो म्हणाला, "सर, ते पेमेंटचं मी तसं का लिहिलं होतं, ते तुम्ही एकदा तरी विचारायला पाहिजे होतं."

"का लिहिलं होतंस?"

त्याने सांगितलं. नेट मध्येच तुटलं आणि ग्राहकाने परत बटण दाबलं तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, म्हणून त्याने ती लांबलचक, मला गचाळ वाटलेली तपासणी घातली होती. मी ती पहाटे तीन वाजता 'अनावश्यक' म्हणून काढून टाकली होती. त्या सात आठवड्यांत दोनदा पैसे कापल्याच्या अकरा तक्रारी आल्या होत्या आणि त्या त्यानेच निस्तरल्या होत्या. माझ्या कोडमधला बग म्हणून नाही, नुसत्या 'सपोर्ट तिकीट' म्हणून. मला त्यांचा पत्ताच नव्हता.

तो थांबला नाही. दुसरीकडे पगार जास्त होता, थांबायला हवं होतं असंही माझं म्हणणं नाही. सोमवारी मी टीमसमोर सांगितलं की तो कोड कुणी बिघडवला. वर क्लायंटला मेल लिहिला आणि त्यात त्याचं नाव घातलं. उशिराच, पण घातलं.

त्यानंतर मी पुस्तकं वाचायला लागलो. आपल्या लोकांचा हा स्वभावच आहे, पोहता येत नाही तर आधी पोहण्यावरचं पुस्तक आणायचं. त्यातलं फ्रेड ब्रुक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) मात्र खरोखर कामाला आलं. हा माणूस आयबीएममध्ये ओएस/३६० च्या प्रचंड प्रोजेक्टचा प्रमुख होता आणि त्या वेळच्या स्वतःच्या चुका त्याने मोकळेपणाने लिहिल्यात. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली की आणखी उशीर होतो, हे त्याचंच. नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपापसांत बोलायच्या वाटा भराभर वाढतात. पाच जणांत दहा जोड्या, दहा जणांत पंचेचाळीस. हे गणित मी नंतर दोनदा साहेबांपुढे मांडलं. एकदा त्यांनी ऐकलं.

गूगलची गोष्टही मजेशीर आहे. २००२ च्या सुमाराला त्यांनी इंजिनिअरिंगमधले मॅनेजरच काढून टाकून बघितले. थोड्याच महिन्यांत प्रयोग गुंडाळला, कारण लोक खर्चाच्या पावत्या आणि आपापसांतली भांडणं घेऊन थेट लॅरी पेजकडे जायला लागले. पुढे २००८ नंतर त्यांनी उलटा अभ्यास केला, चांगला मॅनेजर नेमकं करतो काय. आठ गुण निघाले. पहिला निघाला शिकवण्याचा. तांत्रिक ज्ञान आठवं, म्हणजे शेवटचं. ज्या गुणावर मला मॅनेजर केलं होतं तो यादीत तळाशी! तरी मी म्हणेन की तो यादीत आहे हे विसरू नये. ज्याला माग उघडता येत नाही त्याला तुटलेला दात दिसणार कसा? नुसती एक्सेल शीट चालवणारे मॅनेजर मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

बाकी जे काही जमलं ते ठेचा खाऊनच. दर आठवड्याला प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसायचं ठरवलं, तर पहिले दोन महिने ते बसणं म्हणजे नुसता छळ होता. मी विचारायचो, "काय चाललंय?" उत्तर, "ठीक." मग मी कामाचा हिशोब विचारायचो आणि समोरचा सुटल्यासारखा हिशोब द्यायचा. खूप उशिरा लक्षात आलं की हिशोब बोर्डवर लिहिलेलाच असतो, तो विचारायला माणूस कशाला हवा. आता मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : "या आठवड्यात तुझा सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया गेला?" आणि शक्यतो ऑफिसच्या काचेच्या खोलीत नाही, खाली टपरीवर, ज्याला जी भाषा येते तीत. माझं तेलुगू अजून अप्पांइतकं नाही, पण हैदराबादचा एक जण टीममध्ये आहे, तो माझ्या तेलुगूला हसतो. हसला की मग बोलतो.

अप्रेझलचंही तसंच. जुलैमध्ये झालेली चूक मार्चमध्ये फॉर्मवर लिहून दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी पटेचना. "अख्खा तागा निघाल्यावर सांगता? मग तो वाया गेलेला तागा कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, विणकराच्या. ते काही बोलले नाहीत.

रात्री दुसऱ्याचा कोड बदलायची खाज अजून गेलेली नाही. परवाच एकाचा कोड बघून हात शिवशिवले. दोन वाजता लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि त्याला फक्त एक प्रश्न लिहून ठेवला : "हे असं का केलंयस? माझ्या लक्षात येत नाहीये." सकाळी त्याचं उत्तर आलं. निम्मी चूक त्याची होती, निम्मं मला माहीत नसलेलं होतं.

या गुरुवारी टीममधल्या एका नव्या मुलीबरोबर चहाला बसलो होतो. सांगलीची आहे, चार महिने झाले येऊन. तिचं काम मागे पडतंय असं वरून दोनदा ऐकलं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काही नाही सर, ठीक आहे." मी चहा पीत राहिलो. टपरीवाल्याने दुसऱ्या कुणाची क्रीमरोलची बरणी उघडून बंद केली. बराच वेळ गेला.

"सर," ती म्हणाली, "मी एक ओळ बदलली तरी बिल्ड व्हायला चाळीस मिनिटं लागतात. सगळ्यांनाच एवढी लागतात का, की फक्त माझ्याच मशीनवर?"

मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "चल, दाखव."